पुणे मेट्रोची स्थानकं: उतरल्यावर पुढे कसं जायचं?

पौडफाटा:

नमस्कार मंडळी,

वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट, मेट्रोचे हे दोन्ही मार्ग आता पुणेकरांच्या अंगवळणी पडलेत. स्थानकांची यादी कुठेही मिळते, तिकिटाचे दरही मिळतात (किमान १०, कमाल ३५ रुपये). पण बाहेरगावचा पाहुणा येणार असला की आपण फोनवर त्याला काय सांगतो ते आठवा. "डेक्कनला उतर, पण नदीच्या अंगाला जाऊ नकोस, जंगली महाराज रस्त्याकडे ये, मग डावीकडे वळ." ही माहिती नकाशावर नसते. ती रोज जाणाऱ्यांच्या डोक्यात असते आणि तिथेच राहते.

ती सगळी इथे गोळा करावी, म्हणून हा धागा. आपापल्या स्थानकाबद्दल लिहा: कुठल्या बाजूला उतरावं, जवळ काय आहे, बस कुठे मिळते, पावसात आणि रात्री कसं असतं, वयस्कर माणसाला झेपतं का. राजकारण, श्रेय आणि कंत्राटं यांवर वेगळे धागे आहेत, ते इथे नको ही विनंती.

माझ्या पट्ट्यापासून सुरुवात करतो.

वनाज: पौड रस्त्यावरचं टोकाचं स्थानक. पूर्वी जिथे कोथरूडचा कचरा डेपो होता, तिथे आता मेट्रोचा डेपो उभा आहे. चांदणी चौक, बावधन, भूगावकडे जाणाऱ्यांनी इथे उतरून पीएमपी (शहर बस) पकडावी, कारण त्या गाड्या पौड रस्त्यानेच पुढे जातात.

आनंदनगर, आयडियल कॉलनी: दोन्हीही पौड रस्त्यावर. कोथरूडच्या आतल्या भागात जायचं तर रिक्षा लागतेच. पायी जाणाऱ्यांनी रस्ता खालून ओलांडण्यापेक्षा स्थानकातून ओलांडावा. तिकीट तपासायच्या फाटकापर्यंत कुणालाही मोफत जाता येतं, त्यामुळे एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरायला काहीच अडचण नाही. हे अजूनही कितीतरी जणांना माहीत नाही आणि ते भर गर्दीत दुभाजकावर उभे असतात. बघवत नाही.

नळस्टॉप: इथे चौकात खाली रस्ता, वर वाहनांचा पूल आणि त्याच खांबांवर आणखी वर मेट्रोचा मार्ग आहे. कर्वे रस्ता, लॉ कॉलेज रस्ता आणि म्हात्रे पुलाकडे जाणारे सगळे इथलेच.

गरवारे महाविद्यालय: ६ मार्च २०२२ ला पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा गाडी इथपर्यंतच यायची. खंडोजीबाबा चौक आणि फर्ग्युसन रस्त्याची सुरुवात इथून चालत जाण्याजोगी आहे.

पुढचं तुम्ही लिहा.

---

मोरवाडीकर:

फार गरजेचा धागा. पिंपरीकडचं मी सांगतो.

पीसीएमसी स्थानक म्हणजे मोरवाडीला महापालिका इमारतीजवळ. पिंपरी कॅम्पात खरेदीला जाणाऱ्यांनी इथेच उतरावं. पिंपरीचं रेल्वे स्टेशन इथून अगदी लागून नाही, सामान असेल तर रिक्षा करा. निगडीकडे जाणाऱ्यांना सध्या इथून पीएमपी गाठावी लागते. पुढे भक्ती-शक्तीपर्यंत साधारण ४.४ किलोमीटरचा वाढीव मार्ग मंजूर आहे आणि त्यावर चिंचवड, आकुर्डी, निगडी, भक्ती-शक्ती अशी चार स्थानकं आहेत.

संत तुकारामनगर: वल्लभनगरचं एसटी स्थानक याच्या जवळ आहे. एसटीने पिंपरीत उतरून पुण्यात जायचं असेल तर शहरातल्या कोंडीत अडकण्यापेक्षा हा मार्ग कधीही चांगला. वायसीएम रुग्णालयात जाणारे नातेवाईकही इथेच उतरतात. पेशंट बरोबर असेल तर मात्र स्थानकापासून रिक्षा कराच, ते अंतर आजारी माणसाने चालण्याजोगं नाही.

नाशिक फाटा (भोसरी): नवख्या माणसाला हे नक्की सांगा की भोसरी गाव इथून दूर आहे. सुरुवातीला स्थानकाचं नाव नुसतं भोसरी होतं, त्यामुळे भोसरीला जाणारा माणूस मोठ्या भरवशाने इथे उतरायचा आणि रस्त्यावर आल्यावर भोसरी कुठे दिसतेय का ते शोधायचा. इथे उतरून भोसरी, मोशी, चाकणकडची बस घ्यायची.

कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी, बोपोडी, खडकी: ही सगळी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. या पट्ट्याचा खरा फायदा असा की मेट्रो आणि लोहमार्ग जवळजवळ शेजारून जातात. लोणावळा, तळेगावकडून लोकलने येणाऱ्याने कासारवाडी, दापोडी किंवा खडकीला उतरून मेट्रो घेतली की मंडई-स्वारगेट सोपं होतं. खडकी स्थानक बाकीच्यांच्या मागून, जून २०२५ मध्ये सुरू झालं. तोवर गाडी तिथून न थांबता जायची आणि खडकी बाजारातल्या माणसाला बोपोडीपर्यंत मागे जावं लागायचं.

---

नवी_पुणेकर:

मी लातूरहून शिकायला आले आहे, राहते आनंदनगरला. एसटीने स्वारगेटला उतरते. तिथून मेट्रोने आनंदनगरला यायचं तर कुठे बदलायचं? दोन मोठ्या बॅगा असतात. रिक्षावाले रात्री काहीही मागतात म्हणून विचारतेय.

---

पौडफाटा:

@नवी_पुणेकर, स्वारगेटहून पिंपरीकडे जाणारी गाडी घ्या. मंडई, कसबा पेठ आणि मग जिल्हा न्यायालय. जिल्हा न्यायालयाला (आधीचं नाव सिव्हिल कोर्ट) उतरायचं आणि वर येऊन वनाजकडची गाडी पकडायची. बाहेर पडायचं नाही, तिकीट एकच. दारात बॅगा यंत्रातून तपासतात, त्याला थोडा वेळ जातो. शेवटची गाडी रात्री अकराच्या सुमाराची असते, म्हणून लातूरची गाडी उशिरा पोचणार असेल तर आधीच बघून ठेवा. विद्यार्थ्यांना पासवर ३० टक्के सवलत आहे, कॉलेजचं ओळखपत्र घेऊन चौकशी करा.

जिल्हा न्यायालयाच्या अदलाबदलीबद्दल कुणी नीट लिहील का? तिथे सगळ्यात जास्त लोक गोंधळतात.

---

बांधकाम_निवृत्त:

लिहितो. नोकरीतली चाळीसेक वर्षं पूल आणि पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. मेट्रोशी माझा संबंध फक्त प्रवासी म्हणून, पण स्थानक बघताना जुनी नजर जात नाही.

जिल्हा न्यायालय स्थानकाची रचना डोक्यात बसली की गोंधळ होत नाही. वनाज-रामवाडी मार्ग इथे उंचावरून जातो आणि पिंपरी-स्वारगेट मार्ग जमिनीखालून. म्हणजे गाडी बदलणं म्हणजे आडवं चालणं कमी आणि उभं चढणं-उतरणं जास्त. भुयारी भागाची खोली ३३.१ मीटर आहे, देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांमध्ये त्याची गणना होते. खोलीचं कारण सोपं आहे: इथून पुढे मार्ग मुठेच्या पात्राखालून कसब्यात जातो.

वरून खाली येताना एकामागून एक सरकते जिने लागतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी, बॅगा असलेल्यांनी सरळ लिफ्ट शोधावी. पहिल्या सरकत्या जिन्यावर चढून गेल्यावर मध्येच लिफ्ट शोधू नका, फलाटावरच शोधा. @नवी_पुणेकर, तुम्हाला हे विशेष लागू.

आता या स्थानकाची मला मनापासून आवडणारी गोष्ट. छत असं केलंय की दिवसाचा उजेड थेट खाली फलाटापर्यंत पोचतो. ऊन असताना दुपारी उतरा आणि वर बघा. दहा मजली इमारतीएवढ्या खोल खड्ड्याच्या तळाशी आपण उभे आहोत आणि फरशीवर उन्हाचा चौकोन पडलाय. तो मिनिटामिनिटाला सरकतो, लोक त्याच्यावरून चालत जातात, एखादं पोर त्यात उभं राहून सावली बघतं. जमिनीखालच्या बांधकामात उजेड आणणं खर्चिक असतं, किचकटही असतं. कुणीतरी आग्रह धरल्याशिवाय ते होत नाही. ज्यांनी धरला त्यांचे आभार.

जमिनीखालची स्थानकं पाच: शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट. भुयारी स्थानकांत दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच फलाटाच्या दोन कडांना लागतात, त्यामुळे खाली उतरल्यावर फक्त डावीकडे की उजवीकडे एवढंच बघायचं. उंचावरच्या बहुतेक स्थानकांत दोन दिशांचे फलाट वेगळे असतात. तिथे फाटक ओलांडल्यावर पाटी वाचूनच जिना चढा, नाहीतर गाडी समोरच्या फलाटावर येते आणि आपण बघत राहतो.

---

सदाशिवपेठी:

काकांनी छान लिहिलंय. पेठांचं मी सांगतो.

मंडई स्थानक महात्मा फुले मंडईला लागूनच. भाजी, तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, दगडूशेठ, सगळं पायी. कसबा पेठ स्थानक फडके हौदापाशी. याचं नाव आधी बुधवार पेठ होतं, ते बदललं, जुन्या नकाशांवर अजून तेच दिसेल. कसबा गणपती, शनिवारवाडा, लाल महाल इथून जवळ.

२९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट टप्पा सुरू झाला आणि पेठांचं गणितच बदललं. त्याआधी आमच्याकडे कुणी नातेवाईक यायचं म्हटलं की पहिला प्रश्न "गाडी कुठे लावू?" हा असायचा. आता चिंचवडची मावशी पीसीएमसीला गाडीत बसते आणि मंडईला उतरून चालत घरी येते. बासष्टाव्या वर्षी ती पुन्हा एकटी माहेरी यायला लागली आहे. मेट्रोबद्दल कितीही मतभेद असोत, माझ्यासाठी ही एक गोष्ट पुरेशी आहे.

गणपतीतलं वेगळं सांगायला हवं. २०२५ च्या उत्सवात मंडई आणि कसबा पेठ यांपैकी एका स्थानकात उतरायचं आणि परतीला दुसऱ्यातून चढायचं, अशी विभागणी सुचवली होती. ती पाळा. मंडईच्या जिन्यावर उतरणारे आणि चढणारे समोरासमोर आले की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. अनंत चतुर्दशीला सकाळी सहापासून दुसऱ्या रात्री अकरापर्यंत, सलग ४१ तास गाड्या धावल्या. मिरवणूक बघून पहाटे पिंपरीला परत जाता येणं ही आमच्या पिढीसाठी अपूर्वाईच आहे.

जाता जाता: मंडई स्थानकासाठी खणताना २०२० मध्ये मोठाल्या प्राण्याची हाडं सापडली होती, ती हत्तीची असावीत असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी स्वारगेटला खणताना जुनं भुयार लागलं होतं. या शहराच्या पोटात काय काय आहे! स्थानकातच एखादी भिंत याच्यासाठी ठेवली, फोटो आणि चार ओळी लावल्या, तर रोज जाणारी शाळेतली पोरं वाचतील.

---

सावली:

धागाकर्त्याने वयस्कर माणसांबद्दल विचारलंय म्हणून लिहिते.

माझे वडील पांढरी काठी वापरतात. दृष्टी जवळपास गेलेली आहे. सत्तर वर्षं पुण्यात काढलेला माणूस घरात बसून होता, कारण बस कुठली आली ते विचारावं लागायचं, चढेपर्यंत ती थांबेल याची खात्री नसायची. मेट्रोत त्यांना जमतं. दार ठरलेल्या जागी येतं, पुढचं स्थानक बोलून सांगतात, फलाट आणि डबा एका पातळीत असतात.

फरशीवर पिवळ्या उठावाच्या पट्ट्या असतात, त्या आपण शोभेच्या समजतो. लांब उभ्या रेघा असतील तर सरळ चालत राहायचं. गोल ठिपके आले की थांबायचं: पुढे वळण आहे, जिना आहे किंवा फलाटाची कड आहे. बाबा हे काठीच्या टोकाने वाचतात. काठी रेघेवरून घासत जाताना एक आवाज येतो, ठिपक्यांवर तो बदलतो, ते तिथेच थांबतात. मी शेजारून चालत असते आणि मला काही करावं लागत नाही.

म्हणून सगळ्यांना हात जोडून विनंती: त्या पट्टीवर उभे राहू नका, बॅग ठेवू नका. फलाटावर रांग लावताना लोक नेमके ठिपक्यांवर उभे असतात.

आणि आता तक्रार. स्थानकाचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणचं नाही. पिवळी पट्टी आम्हाला लिफ्टपर्यंत नेते, लिफ्ट खाली नेते, आणि दार उघडल्यावर दोन पावलांवर पट्टी संपते. पुढे पदपथ. त्यावर लावलेल्या दुचाक्या, मध्येच विजेची पेटी, मग पदपथच खचलेला. आतमध्ये जो माणूस कुणाचाही हात न धरता चालला, त्याला बाहेर आल्या आल्या माझा दंड धरावा लागतो. इतका पैसा आणि इतकी मेहनत घेऊन शेवटचे शंभर पावलं सोडून दिली आहेत.

---

पौडफाटा:

@सावली, तुमचा प्रतिसाद वाचून धाग्याचा हेतू मलाच जास्त नीट समजला. स्थानक कुठे संपतं, याचं उत्तर यंत्रणेच्या हद्दीप्रमाणे वेगळं आणि प्रवाशाप्रमाणे वेगळं. आतलं मेट्रोकडे, पदपथ महापालिकेकडे, बसथांबा पीएमपीकडे, रिक्षा वाहतूक पोलिसांकडे. पण चालणारा माणूस एकच असतो.

सगळ्यांना विनंती, आपापल्या स्थानकाबाहेरच्या पहिल्या शंभर-दोनशे पावलांबद्दल जरूर लिहा.

---

गाडीवाला_हडपसर:

सगळं ठीक आहे, पण पार्किंगचं काय? मोजक्या स्थानकांखाली पैसे देऊन सोय आहे, बाकीकडे आनंदच आहे. मी हडपसरहून दुचाकीने स्वारगेटला आलो तर गाडी लावू कुठे? लावायला जागा नसेल तर तसाच पुढे गाडीवर जाईन, मेट्रोत कशाला चढू? लोकांनी मेट्रो वापरावी असं वाटत असेल तर आधी जागा द्या. पुण्यात घरटी दोन दुचाक्या आहेत, ही वस्तुस्थिती आहे.

---

टेकडीवरचा:

असहमत, आणि आदरपूर्वक असहमत. शहराच्या मध्यभागी स्थानकाशेजारी पार्किंग बांधलं की तिथवर गाड्या आणायचं आमंत्रण दिल्यासारखं होतं. जी कोंडी टाळायला मेट्रो आणली तीच स्थानकाच्या दाराशी जमते. टोकाच्या स्थानकांवर, म्हणजे वनाज, रामवाडी, पीसीएमसी इथे, भरपूर पार्किंग हवं. मंडईला, डेक्कनला नको. तिथे ती जागा पदपथाला आणि बसथांब्याला द्या.

हडपसरचा प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर हडपसर ते स्वारगेट दर काही मिनिटांनी बस हे आहे.

---

गाडीवाला_हडपसर:

@टेकडीवरचा, बस दर काही मिनिटांनी येईल त्या दिवशी मी गाडी विकतो. येत नाही तोवर मला कामावर वेळेत पोचायचंय. सकाळी साडेसातच्या पाळीला उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार जातो. धोरण योग्य असेल, पण मधल्या काळात माझ्यासारख्याने काय करायचं तेही कुणीतरी सांगायला हवं. आणि स्वारगेट हे आज हडपसरकरांसाठी टोकाचंच स्थानक आहे, मध्यभाग नाही. तुमच्याच नियमाने तिथे जागा मिळाली पाहिजे.

---

टेकडीवरचा:

@गाडीवाला_हडपसर, शेवटचा मुद्दा पटला. कात्रजकडे मार्ग वाढेपर्यंत दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून येणाऱ्यांसाठी स्वारगेट टोकाचंच आहे. तिथे दुचाकींसाठी सोय हवी, मान्य.

---

बांधकाम_निवृत्त:

कात्रजचा विषय निघालाच आहे तर स्थानकं किती आणि कुठे, यावर थोडं. स्वारगेट ते कात्रज हा साधारण ५.४६ किलोमीटरचा पूर्ण भुयारी मार्ग. मूळ आराखड्यात मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज अशी तीनच स्थानकं होती. नंतर लोकांच्या मागणीवरून बिबवेवाडी आणि बालाजीनगर वाढवली, आता पाच.

भुयारी स्थानक म्हणजे प्रचंड खर्च. बोगदा यंत्राने खणत पुढे जाता येतं (पुण्यातल्या तीन यंत्रांना मुळा, मुठा, पवना अशी नद्यांची नावं दिली होती), पण स्थानकाला मोठी पेटी खणावी लागते, वरचा रस्ता वळवावा लागतो, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाईनी हलवाव्या लागतात. शिवाय प्रत्येक थांब्याला गाडीचा वेग मारायचा, थांबायचं, पुन्हा वेग घ्यायचा. म्हणून आखणारा कमी स्थानकांकडे झुकतो, आणि त्याच्या जागी त्याचं बरोबर असतं.

पण वनाज-रामवाडी मार्गावर १५.७ किलोमीटरमध्ये १६ स्थानकं आहेत, म्हणजे सरासरी एक किलोमीटरला एक. तिथे कुणालाही साधारण अर्ध्या किलोमीटरच्या आत कुठलं तरी स्थानक सापडतं. कात्रज मार्गावर तीनच ठेवली असती तर बालाजीनगरच्या माणसाच्या पायाखालून गाडी गेली असती आणि त्याला मात्र रिक्षाने स्थानक गाठावं लागलं असतं. स्थानक नंतर घुसवणं अवघड असतं, भुयारात तर फारच. मागणी वेळेत झाली हे फार चांगलं झालं. वाघोली आणि चांदणी चौकाकडच्या मंडळींनीही स्थानकांच्या जागा, जिने कुठे उतरणार, हे आत्ताच बारकाईने बघावं. खांब उभे राहिले की उशीर झालेला असतो.

---

रात्रपाळी:

रामवाडीकडचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

मंगळवार पेठ (आरटीओ): आरटीओची कामं, जुना बाजार.

पुणे रेल्वे स्टेशन: मेट्रोतून रेल्वे स्टेशनकडे पादचारी पूल आहे, रस्त्यावर उतरायची गरज नाही. गाडी पकडायची असेल तर तरीही पंधरा मिनिटं हाताशी ठेवा.

रुबी हॉल: याच नावाच्या रुग्णालयाजवळ. पेशंटचे नातेवाईक, ससून रुग्णालयाकडे जाणारेही काही इथे उतरतात, पण ससूनला रेल्वे स्टेशनचं स्थानक जवळ पडतं.

बंडगार्डन, येरवडा, कल्याणीनगर, रामवाडी: ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत गाडी सुरू झाली, पण येरवडा स्थानक ऑगस्टमध्ये उघडलं. विमानतळाला जाणाऱ्यांनी रामवाडीला उतरावं, तिथून पीएमपीची फीडर बस असते. तिची वेळ आधी बघा, नाहीतर रिक्षा.

माझी पाळी रात्री संपते. उंचावरच्या स्थानकांखाली काही ठिकाणी खांबांच्या आड अंधार असतो. बरोबर काम करणाऱ्या मुली सांगतात की गाडीत भीती वाटत नाही, उतरल्यावर रिक्षा मिळेपर्यंतची दहा मिनिटं नको वाटतात. दिवे आणि एक ठरलेली रिक्षाची रांग, एवढं झालं तरी पुष्कळ.

---

सदाशिवपेठी:

डेक्कन आणि संभाजी उद्यान राहिलं की! ही दोन्ही स्थानकं जंगली महाराज रस्त्याच्या मागे, मुठेच्या काठाला आहेत. छताचा आकार मावळ्यांच्या पगडीवरून घेतलाय. बालगंधर्वला नाटकाला जायचं तर संभाजी उद्यान. डेक्कनहून नदीपलीकडे नारायण पेठेत चालत जाता यावं म्हणून भिडे पुलाजवळ पादचारी पुलाचं काम हाती घेतलंय. पेठेतल्या लोकांसाठी तो पूल म्हणजे दुसऱ्या मार्गाचं दारच आहे.

नदीकाठचा हा साधारण १.७ किलोमीटरचा भाग पात्रातून जातो म्हणून प्रकरण हरित लवादात गेलं होतं. मार्ग झाला, पण प्रश्न विचारणाऱ्यांची काळजी रास्त होती असं मला आजही वाटतं. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की स्थानकात उभं राहून पात्राकडे बघा, खांब पाण्यात असतात.

पुढचं महापालिका स्थानक: मनपा भवनचे बसथांबे इथेच, शहराच्या जवळजवळ सगळ्या दिशांना गाड्या मिळतात. शिवाजी पुलावरून शनिवारवाडाही चालत जाता येतो.

---

नवी_पुणेकर:

सगळ्यांचे आभार. काल स्वारगेटहून आले. काकांनी सांगितल्याप्रमाणे फलाटावरच लिफ्ट शोधली, दोन्ही बॅगा घेऊन आरामात वर आले. आनंदनगरला मात्र जिन्यांच्या दोन बाजू आहेत हे माहीत नव्हतं, खाली उतरून रस्ता ओलांडणार होते, तेवढ्यात पौडफाटा यांचं वाचलेलं आठवलं आणि स्थानकातूनच पलीकडे गेले.

एक विचारायचंय. पुढच्या महिन्यात आई-आजी येणार आहेत. आजीला दगडूशेठला जायचंय, तिला फार चालवत नाही. मंडई की कसबा पेठ?

---

सदाशिवपेठी:

मंडई. बाहेर येताना लिफ्टने या आणि आजींना मंडईच्या बाजूने हळूहळू न्या, रस्ता सपाट आहे. मंगळवार आणि संकष्टी टाळा, रांग फार असते. सकाळी आठच्या आत गेलात तर दुकानांचा माल उतरवणारे टेम्पो अजून आलेले नसतात आणि पदपथ मोकळा मिळतो.

---

पौडफाटा:

आतापर्यंतची सगळी माहिती स्थानकाप्रमाणे लावून पहिल्या प्रतिसादात घालतोय. शिवाजीनगर, बोपोडी आणि कल्याणीनगरबद्दल अजून फार थोडं आहे. शिवाजीनगरला किल्ल्यासारखी दर्शनी रचना आहे आणि रेल्वे स्टेशन जवळ आहे एवढं मला माहीत आहे, पण एसटीचं स्थानक वाकडेवाडीला हलल्यापासून तिकडे कसं जायचं ते रोज जाणाऱ्यानेच लिहावं. हिंजवडीकडून येणाऱ्या तिसऱ्या मार्गाचं टोकही जिल्हा न्यायालयालाच येणार आहे, त्यामुळे तिथल्या लिफ्टच्या जागा सविस्तर हव्यात. @बांधकाम_निवृत्त, तुम्ही पुढच्या वेळी गेलात की कागदावर काढून फोटो टाकाल का?

---

बांधकाम_निवृत्त:

टाकतो. गुरुवारी जाणार आहे. @सावली, तुमच्या वडिलांना वेळ असेल तर त्यांनाही बरोबर घेऊन या, पट्टी कुठे कुठे तुटते ते आपण तिघं मिळून मांडू.